पन्नाशीनंतर स्विंगची मोडतोड करायची, की नुसता वेग वाढवायचा?

मुलुंडचा_स्लाइसर (धागाकर्ता)

आधी मत सांगतो, मग कारणं. पन्नाशीच्या आसपासच्या हौशी गोल्फरला ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या, फटक्याची लांबी वाढवायची असेल तर त्याने स्विंग नव्याने बांधायच्या भानगडीत पडू नये. आहे तोच स्विंग, फक्त जास्त वेगाने.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, आजूबाजूला बघा. प्रो सांगतो मनगट उशिरा सोडा, यूट्यूबवाला सांगतो कंबर आधी फिरवा, शेजारचे काका फुकटात सांगतात डोकं हलवू नका. हे तिघे डोक्यात घेऊन माणूस चेंडूसमोर उभा राहिला की त्याच्या स्विंगची सरकारी फाइल होते, प्रत्येक टेबलावर थांबत थांबत पुढे सरकणारी. त्यातून वेग कुठून येणार?

आता हिशेब. क्लबच्या डोक्याचा वेग ताशी एक मैलाने वाढला की ड्रायव्हरला साधारण अडीच यार्ड मिळतात. आपल्यासारख्या बहुतेक पुरुषांचा वेग ताशी नव्वद मैलांच्या आसपास, पीजीए टूरवरच्या व्यावसायिकांचा सरासरी ११५ च्या आसपास. एवढी मोठी दरी ग्रिप आणि कोपरं तपासून भरत नाही. हलकी काठी जीव खाऊन फिरवा, उलट्या बाजूनेही फिरवा, मेडिसिन बॉल भिंतीवर आपटा. खुर्चीत बसून बसून जोरात फिरायची सवयच मोडलेली असते, ती परत लावायची.

२०२० चं यूएस ओपन आठवा. अमेरिकन गोल्फर ब्रायसन डीशाम्बोने वजन वाढवलं, वेग वाढवला आणि विंग्ड फूटच्या कोर्सवर ५६ पैकी फक्त २३ फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) गाठून सहा फटक्यांनी जिंकला. अंतर असलं की बाकीचं माफ होतं.

हाणा आता.

चेंबूर_बॅक_नाइन

असहमत, आणि जोरात असहमत.

डीशाम्बो रफमधून, म्हणजे बाजूच्या वाढलेल्या गवतातून, वेज (जवळचा फटका मारायचा क्लब) मारतो. आपण रफमध्ये आधी चेंडू शोधतो. पावसाळ्यात तर कॅडी, आपण आणि मागच्या ग्रुपमधले दोघे मिळून शोधतो. त्याला माफ होतं ते तुम्हाला-मला होत नाही, कारण ओल्या गवतातून क्लब ओढून काढण्याइतकं मनगट त्याच्याकडे आहे.

आता तुमचं नावच स्लाइसर आहे म्हणून विचारतो, स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, होतो कशाने? चेंडू सुटतो तो मुख्यतः क्लबच्या फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) दिशेने आणि वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांतल्या फरकामुळे. खांदे आधी उघडले, क्लब बाहेरून आत आला, फेस वाटेच्या मानाने उघडा राहिला, झाला स्लाइस. हा फरक तसाच ठेवून वेग वाढवलात तर वळणही वाढणार. आज उजवीकडच्या झाडांत जाणारा चेंडू उद्या शेजारच्या होलवर जाईल. लांब गेला हे मात्र कबूल.

मुंबईकरांची आणखी एक गोची आहे. आपण बहुतेक सगळे मैदानावरच्या क्रिकेटमधून आलेलो. पुढचं कोपर वर, सरळ बॅट, चेंडू लागेपर्यंत आणि लागल्यावरही बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे. चांगल्या कोचने हे अंगात मुरवलेलं असतं. गोल्फमध्ये हात फिरून फेस बंद होत यावा लागतो आणि आपण तो इमानेइतबारे उघडा धरून ठेवतो. हे नुसत्या वेगाने सुटत नाही. डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवा, वरून बघताना बोटांचे दोन-तीन सांधे दिसू देत. याला कोणी मोडतोड म्हणत असेल तर म्हणो.

ठाण्याचा_यंत्रज्ञ

दोघेही चुकीच्या दाराशी भांडताय. चेंडूला क्लबचा वेग कळत नाही. तो कुठे लागला आणि त्यातून चेंडूला किती वेग मिळाला, एवढंच मोजायचं. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरला तो फार तर दीडच्या आसपास जातो.

आता पाटी घ्या. ९० चा स्विंग, मधोमध लागला, फॅक्टर १.४८. चेंडूचा वेग १३३. तोच माणूस काठ्या फिरवून ९५ वर गेला, पण चेंडू फेसच्या टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) लागतोय, फॅक्टर १.३८. चेंडूचा वेग १३१. म्हणजे एवढा घाम गाळून दोन मैलांनी मागे! चेंडूच्या वेगातला प्रत्येक मैल साधारण दोन यार्डांचा असतो, हे लक्षात ठेवा.

केमिस्टकडून पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे आणा, ड्रायव्हरच्या फेसवर हलका मारा, पाच-सहा चेंडू मारून डाग बघा. बहुतेकांचे डाग टाचेकडे आणि खालच्या बाजूला निघतात. टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच लावा, चेंडू डाव्या पायाच्या टाचेच्या रेषेत ठेवा, उजवा खांदा किंचित खाली. क्लब वर चढताना चेंडूला भेटला पाहिजे. खाली उतरताना मारणारा आणि वर चढताना मारणारा, दोघांचा वेग सारखाच ९० असला तरी कॅरीत, म्हणजे चेंडू हवेतून कापतो त्या अंतरात, वीसेक यार्डांचा फरक पडू शकतो. पूर्ण फुकट.

आणि टूरवाल्यांचं बघून नऊ अंशांचा ड्रायव्हर घेतला असेल तर तो विकून टाका. आपल्या वेगाला साडेदहा, बारा अंश लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) लागतो.

मुलुंडचा_स्लाइसर

यंत्रज्ञसाहेब, गणित मान्य. पण तुमच्या पाटीवर वेगवान माणूस टाचेने मारतो आणि हळू माणूस मधोमध मारतो, हे तुम्हीच ठरवलंत. दोघांनाही १.४८ द्या की. मग ९५ वाला १४० वर जातो, चौदा यार्ड पुढे.

ठाण्याचा_यंत्रज्ञ

देतो की. पण जोर लावला की माणूस पुढे झुकतो, चेंडूच्या जवळ येतो आणि टाचेने मारतो, हे रेंजवर रोज दिसतं. ते मी ठरवलेलं नाही.

पार_थ्री_मावशी

एवढी पाटी-पेन्सिल बघून गंमत वाटली. अहो, लांबी हवीय कशाला?

टोकियो ऑलिम्पिक आठवतंय का? आपली गोल्फर अदिती अशोक. त्या स्पर्धेत लांबीच्या बाबतीत ती अगदी तळाच्या मुलींमध्ये होती. बाकीच्या जणी ग्रीनसमोर (होलभोवतीच्या बारीक गवतासमोर) हातात छोटी आयर्न, म्हणजे कमी अंतराचा क्लब, घेऊन उभ्या आणि ही मागून हायब्रिड, म्हणजे लांब पल्ल्याचा क्लब, मारतेय. चौथी आली. एका फटक्याने पदक हुकलं. पटरने बाकीच्यांना रडवलं तिने.

तुम्ही पुरुष मंडळी मागच्या टीवरून, म्हणजे होलपासून सर्वांत लांबच्या सुरुवातीच्या जागेवरून, खेळायचा हट्ट करता आणि मग लांबी कमी पडते म्हणून धागे काढता. पुढच्या टीवरून खेळा ना. अमेरिकेत २०११ पासून त्यांच्याच संघटना लोकांना पुढे या म्हणून सांगतायत. आपल्याकडे पुढच्या टीला अजूनही 'लेडीज टी' म्हणतात, तिथेच सगळं अडलंय.

मुलुंडचा_स्लाइसर

मावशी, अदितीबद्दल आदर आहेच, पण ती अपवाद आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची नोंद तपासून दाखवलंय की चांगल्या आणि साधारण खेळाडूंच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच पडतो. पटिंगने पोट भरतं ही म्हण जुनी झाली.

पार_थ्री_मावशी

शंभर यार्डांच्या बाहेरचं म्हणजे नुसता ड्रायव्हर नव्हे हो. दीडशे यार्डांवरून ग्रीनकडे मारलेली आयर्न त्यात आली, तुमचा पाण्यात गेलेला चेंडू आला आणि हद्दीबाहेर गेलेलाही आला. टूरवर तर ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा वाटा टीवरच्या फटक्यांपेक्षाही मोठा निघतो. हे ब्रॉडींचंच आहे, माझं नाही. आयर्न सरळ मारायला शिका असं ते सांगतायत, तुम्ही त्यातून काठी फिरवायचा परवाना काढलात.

चेंबूर_बॅक_नाइन

मावशी +१. हा फटका थेट पिनला.

कमरेचा_वैद्य

मी हाडांचा डॉक्टर आणि सुमार गोल्फर. या धाग्यावर शरीराची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

गोल्फमध्ये सर्वांत जास्त दुखावते ती कंबर. कमरेतला मणका फिरण्यासाठी बनलेलाच नाही. पाचही मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश फिरतात. फिरायचं असतं ते खुब्याने आणि छातीच्या भागातल्या पाठीने. आपले लोक दिवसभर खुर्चीत, मग लोकलमध्ये किंवा फ्री-वेवर गाडीत. खुबे आखडलेले, पाठ गोल. अशा शरीराला जोरात काठी फिरवायला लावली तर ते कमी पडणारे अंश कमरेतून काढतं. माझ्याकडे येणारे गोल्फर 'एकच जोरात मारला आणि लचक भरली' असं सांगत येतात.

घरी तपासा. खुर्चीत बसा, गुडघे जुळवून धरा, छातीवर काठी आडवी धरून दोन्ही बाजूंना फिरा. पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाता येत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. आणि मग उभं राहून डावा पाय आत वळतो का तेही बघा, कारण चेंडू मारताना सगळं वजन त्या खुब्यावर फिरतं.

तोवर एक पळवाट आहे. बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्या. हल्लीचे व्हिडिओ ती जमिनीला चिकटवून ठेवायला सांगतात. बावीस वर्षांच्या मुलांना ते ठीक आहे. जॅक निकलाउस टाच उचलून खेळला आणि १८ मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकला. टाच उचलली की नितंब सहज फिरतात, वळण मोठं होतं, कमरेवरचा ताण कमी होतो. डोकं खिळा ठोकल्यासारखं ठेवायचंही कारण नाही, ते थोडं उजवीकडे सरकलं तर सरकू द्या.

धागाकर्त्यांच्या काठीला माझा विरोध नाही. पण आधी खुबा, मग काठी. आणि आठवड्यातून दोनदा, मध्ये विश्रांती देऊन. रोज नाही.

खारघर_पहिली_टी

काठी, टाच, पावडर सगळं ठीक. पण तुम्ही लांबी मोजताय कशावर? रेंजवर. तिथले चेंडू झिजलेले, मुळात कमी जाणारे. खाली मॅट, त्यामुळे आयर्न चेंडूच्या आधी जमिनीवर आपटली तरी घसरून चेंडूला लागते आणि वाटतं, वा! तोच फटका मातीवर मारला की मातीच उडते. खारघरला सिडकोचा कोर्स पैसे भरून कुणालाही खेळता येतो, सदस्यत्वाची वर्षानुवर्षांची रांग नाही. महिन्यात रेंजच्या दोन फेऱ्या कमी करा आणि तिथे येऊन जमिनीवरून मारा.

दुसरं म्हणजे मुंबईची हवा. आमच्या ग्रुपमध्ये एक जण दर पावसाळ्यात म्हणतो, दमट हवा जड असते म्हणून चेंडू जात नाही. उलट आहे. त्याच तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. चेंडू हवेत अडकत नाही, ओल्या फेअरवेवर पडतो आणि तिथेच रुततो. रोल शून्य. मे महिन्यात टणक जमिनीवर मिळणारे यार्ड जुलैत गेले म्हणून स्विंग बदलायला धावू नका. पावसाळ्यात फक्त कॅरी बघा.

आणि पुण्याला खेळून आल्यावर 'ड्रायव्हर लागला' म्हणणारेही असतात. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, हवा विरळ, त्याचे मिळतात दोनेक टक्के. दोनशे यार्डांवर चार यार्ड. उरलेले पंधरा परतीच्या वाटेवर लोणावळ्याला चहा पिताना वाढतात.

दादर_टीटी

चेंबूरचा गोल्फ क्लब असो की विलिंग्डनचा, तेवढ्या जागेत मुलांसाठी किती मैदानं झाली असती, यावर कुणी बोलणार का?

चेंबूर_बॅक_नाइन

मुद्दा मोठा आहे, पण इथे अवांतर. वेगळा धागा काढा, मी येतो. चेंबूरचा क्लब १९२७ चा आहे, विलिंग्डन त्याच्याही आधीचा. भांडायला इतिहास भरपूर मिळेल.

मुलुंडचा_स्लाइसर

सगळं वाचलं. डॉक्टरांचा खुबा घेतो, यंत्रज्ञांची पावडरही आणतो. पण मूळ मत कायम. यातलं काहीही करा, पूर्ण जोर लावून मारण्याची सवय नसेल तर लांबी येत नाही. संथ, सुंदर, पुस्तकी स्विंगने एकशे ऐंशी यार्ड मारणारे क्लबात ढिगाने आहेत. सगळे सरळ जातात आणि सगळे पार फोरला दुसऱ्या फटक्यालाही लाकूडच, म्हणजे लांब मारायचा वुड, काढतात.

चेंबूर_बॅक_नाइन

आणि त्यातले निम्मे तुमच्याकडून दर रविवारी नाश्त्याचे पैसे जिंकतात, ते लिहायचं राहिलं.

बरं, काठी फिरवणारच असाल तर एक करा. नवी ग्रिप आधी बसवा आणि काठीही त्याच ग्रिपने धरा. नाहीतर जुनीच पकड जास्त वेगाने पक्की होईल.

मुलुंडचा_स्लाइसर

आणि उलट्या बाजूने फिरवताना कुठली ग्रिप?

पार_थ्री_मावशी

कुठलीही धरा. फक्त त्या दिवशी रेंजवरच्या कुठल्या बेवर (उभं राहायच्या खणात) उभे राहणार आहात ते आदल्या रात्री इथे टाकत जा.