'द स्टँड' पुन्हा कशाला?
स्टीफन किंगच्या साथीवरच्या 'द स्टँड' या कादंबरीवर २०२०मध्ये नवी मालिका आली. "१९९४ची मालिका असताना परत 'द स्टँड' कशाला?" असं एकाने विचारलंय. माझ्या मते हवीच. १९९४ला एबीसी या अमेरिकन वाहिनीवर ४ रात्रींत सगळं उरकलं, वर घरोघरी बघणार म्हणून भीतीला कात्री. त्यातला गॅरी सिनीसचा नायक स्टू मात्र अजून डोक्यातून जात नाही. नव्या मालिकेत स्टू झालेल्या जेम्स मार्सडेनला ती तुलना जड जाणार. नव्या मालिकेत ९ भाग आहेत आणि शेवटचा खुद्द स्टीफन किंगने लिहिलाय. कादंबरीचा शेवट ज्यांना पचला नाही (मी त्यातलाच) त्यांनी तेवढ्यासाठी तरी बघावी. कादंबरीत लॅरी हे पात्र न्यूयॉर्कच्या लिंकन बोगद्यातून जातं, तो अंधार जमला की बाकी चुका माफ! कोरोनाच्या वर्षात साथीची गोष्ट बघवेल का, ही शंका मात्र रास्त होती.