रानमोडी माजली, झाडावरच्या अळ्या गेल्या. दोष पाखरांचा का तणाचा?

डोंगरपडीचा मास्तर (राधानगरी)
मंडळी नमस्कार. दाजीपूरच्या वाटेवर आमची दोन एकर मालकीची पड आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, सगळं वडिलांच्या आधीचं. लहानपणी पावसाळ्यात जांभळाखाली थांबलं की इरल्यावर अळ्यांच्या लेंड्या टपटप पडायच्या. आता खाली छातीएवढी रानमोडी, बांधाला घाणेरी, आणि वरनं काहीच पडत नाही. थंडीत मात्र शेंड्याला निखार, कोतवाल, पर्णवटवट्ये अशी पाखरांची टोळी फिरते. वर्गातली पोरं विचारतात, "सर, पाखरांनी संपवल्या का अळ्या?" रानमोडीच्या फुलांवर तर फुलपाखरं ढिगानं दिसतात. मग काय सांगू?

रानवाट
सर, पर्णवटवट्ये हिवाळी पाहुणे. तुमच्या पावसाळी अळ्या खायला ते इथं नसतातच. कोतवाल, निखार बारमाही आहेत, ते खातात. पण ते पूर्वीही होतेच की.
फुलपाखरांवरून अंदाज बांधू नका. रानमोडीवर ब्लू टायगर, क्रो या फुलपाखरांचे नर येतात, कारण तिच्यातल्या अल्कलॉइड नावाच्या रसायनापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. अंडी तिच्यावर घालत नाहीत. ब्लू टायगरच्या अळीला हरणदोडीसारखी वेल लागते, आणि रानमोडी माजली की तीच दबते.

गगनबावडेकर
मोजूनच बघा. द्राक्षबागेत पाखरांसाठी लावतात तसलं जाळं चार-पाच झाडांच्या एकेका फांदीला बांधा. भोकं अशी हवीत की किडा आत जाईल, पाखरू नाही. शेजारची फांदी उघडी. दीड महिन्यानं दोन्हींखाली पांढरं धोतर धरून काठीनं सारखेच फटके मारा, पडेल ते मोजा. कोळी वेगळे मोजा हं! पाखरं कोळीही खातात, आणि कोळी किड्यांना. जाळ्यात कोळी वाढले तर किडे वाढलेले दिसणारच नाहीत. रात्री वटवाघळंही अळ्या टिपतात, तीही जाळ्यामुळं अडतात, म्हणजे सगळा हिशोब पाखरांच्या नावावर घालू नका.
अर्धी पड साफ करून दोन्हीकडं हेच करा, म्हणजे तणाचंही कळेल. आणि मोजणी एकाच आठवड्यात. चैत्रपालवीत अळ्या तशाच वाढतात. जाळं रोज बघा, पाखरू अडकून मरायला नको.

भुदरगडची ताई
रानमोडी फुलायच्या आधी, ओल असताना मुळासकट उपटा दादा. नुसती कापली तर बुडातनं दुप्पट फुटते. आम्ही चौघी जावांनी दोन पावसाळे उपटली, तेव्हा खाली जांभळाची रोपं दिसली. घाणेरीचं बी मात्र बुलबुल परत आणून टाकतो, तिथं दरसाल फिरावं लागतं.

डोंगरपडीचा मास्तर (राधानगरी)
ताई, उद्यापासनं ओढ्याकडची बाजू उपटायला घेतो. वरची राहू दे तशीच, तुलनेला. जाळं बांधायला नववीची पोरं तयार आहेत. पाच जांभळं, दोन्ही बाजूंना. धोतर आईचं जुनं लुगडं फाडून करतोय, पांढरं आहे. ऐनावरही मोजावं का, का एकाच जातीवर थांबू?

गगनबावडेकर
पहिल्या साली फक्त जांभूळ. हात बसू दे.