विकाऊ घराच्या फोटोतून ओल पुसायची, ही फसवणूक नाही तर काय?

उंबरठा:
गेल्या चार महिन्यांत आम्ही अकरा घरं पाहिली. त्यातलं एक अजून डोक्यातून जात नाही. जाहिरातीत झोपायच्या खोलीचा फोटो होता: मोठी खिडकी, बाहेर निळंशार आकाश, शुभ्र भिंती. प्रत्यक्ष गेलो तर त्याच खिडकीबाहेर उच्चदाब वाहिनीचा मनोरा, इतका जवळ की तारांची गुणगुण खोलीत ऐकू येत होती. परत आल्यावर तोच फोटो मोठा करून पाहिला. खिडकीतून मनोरा पुसला होता, पण समोरच्या कपाटाच्या आरशात त्याचं प्रतिबिंब तसंच राहिलं होतं.

त्याच खोलीत पलंगामागची भिंत फोटोत गुळगुळीत दिसते. तिथे कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते आणि बोट फिरवलं की पांढरा क्षार हाताला लागत होता. म्हणजे पाणी कुठून तरी मुरतंय. ते शोधायचं, प्लॅस्टर खरवडायचं, पुन्हा करायचं, हे सगळं घेणाऱ्याच्या माथी. कुणीतरी बसून, नीट विचार करून तो डाग पुसला, कारण डाग दिसला असता तर आम्ही गेलोच नसतो हे त्याला पक्कं माहीत होतं.

माझं म्हणणं साधं आहे. किल्ली हातात आल्यावर जे तिथे असणार ते फोटोतून काढायचं नाही, आणि जे नसणार ते फोटोत घालायचं नाही. उजेड वाढवायचा तर खुशाल वाढवा. तुम्हाला काय वाटतं?

झरोका:
मी नऊ वर्षं घरांचे फोटो काढतो. ओल पुसली ते चूकच, पण तुम्ही सगळ्यांना एकाच माळेत ओवताय. ‘काहीही न बदललेला फोटो म्हणजे खरा फोटो’ हा मोठा गैरसमज आहे. डोळ्याला एकाच वेळी खोलीही दिसते आणि खिडकीबाहेरचंही दिसतं. कॅमेऱ्याला ते झेपत नाही. खोलीसाठी प्रकाश धरला की खिडकी पांढरीफटक, खिडकीसाठी धरला की खोलीत अंधार. म्हणून आम्ही कमी-जास्त प्रकाशाचे तीन किंवा पाच फोटो काढून एकत्र करतो. न केलं तर घरावर अन्याय होतो.

आकाशाचंही तेच. ज्या दिवशी मी गेलो त्या दिवशी ढग होते, तर घर कायम उदास दाखवायचं का? आणि रिकाम्या खोलीत माणसाला अंदाज येत नाही, म्हणून संगणकावर सोफा ठेवतो. जाहिरातीचं काम माणसाला दारापर्यंत आणायचं. पुढे त्याचे डोळे आहेतच. न बघता घर घेतं कोण?

पायवाट:
झरोका, ‘न बघता घेतं कोण’ हे तुम्ही सहज लिहिलंत. आम्ही घेत होतो. दुसऱ्या देशात राहत असताना फोटो पाहून, फोनवर बोलून विसार दिला. घर हातातून जाईल अशी घाई होती. आमचे पैसे परत मिळाले, पण सात महिने त्यात गेले.

आणि जे बघायला जातात त्यांचं काय? माझ्या आईचे गुडघे दुखतात. ‘समोर मोकळी जागा’ म्हणून ती तीन जिने चढून गेली. बाल्कनीतून हात लांब केला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागेल अशी अवस्था. ती काही बोलली नाही, तिथल्याच खुर्चीत पाच मिनिटं बसून राहिली. तो अर्धा दिवस आणि ते तीन जिने कुणाच्या हिशोबात धरायचे?

किल्ली:
मी घरांची दलाली करते. इथे सगळा राग आमच्यावर निघणार, म्हणून आमची बाजू सांगते. घरमालक स्वतः फोन पुढे करून म्हणतो, “बघा, त्यांच्या घराचा फोटो किती झकास आहे, आपलाच का असा?” मी नाही म्हटलं की तो दुसऱ्याकडे जातो. तशी दोन घरं माझ्या हातून गेली आहेत.

तरीही कायद्याचा बडगा नको असं मला वाटतं, कारण खोट्या फोटोची शिक्षा बाजारच देतो. फोटो पाहून आलेल्या माणसाचा चेहरा दार उघडताक्षणी मला कळतो. पहिलं वाक्य ठरलेलं: “फोटोत मोठं वाटलं होतं.” तिथून पुढे तो प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघतो. नळ सोडून बघतो, कपाट सरकवायला सांगतो आणि भाव पाडून मागतो. नुकसान विकणाऱ्याचंच होतं.

कोनमापक:
बाजार शिक्षा देतो हे मला पटत नाही. उलट खरा फोटो टाकणाराच मार खातो. त्याची ओल दिसते, शेजाऱ्याची पुसलेली असते, आणि चाळताना बोट शेजाऱ्याच्या फोटोवर थांबतं.

झरोकांच्या सोफ्याबद्दलही बोलायला हवं. संगणकातलं सामान हवं तेवढं लहान करता येतं. एका फोटोत मोठा पलंग आणि दोन्ही बाजूंना चालायला ऐसपैस जागा होती. मी तिथे टेप घेऊन गेलो. खरा दुहेरी पलंग ठेवला तर कपाटाचं दार अर्धंच उघडेल. त्यात कॅमेऱ्याला १६ मिलिमीटरचं, म्हणजे खूप रुंद दाखवणारं भिंग लावलं की खोली आणखी लांब पळते. कडेला असलेली खुर्ची किंवा कुंडी आडवी ताणलेली दिसली की समजावं. मी फोटोत आधी दाराची चौकट बघतो, कारण तिच्या रुंदीचा साधारण अंदाज असतो; मग फरशा मोजतो. फरशांची संख्या आणि जाहिरातीतलं माप जुळत नसेल तर मी फोन करत नाही.

कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे. दलालाने किंवा त्याच्या वतीने कुणी घराचा फोटो बदलला, तर तसं स्पष्ट सांगायचं आणि मूळ फोटो लोकांना बघता येईल अशी सोय करायची. उजेड, रंगाचा तोल, तिरपेपणा, कातरणी यांना सूट आहे. पण सामान, भिंती, फरशी यांच्याबरोबर विजेचे खांब आणि खिडकीतून दिसणारं दृश्यही त्यात नावानिशी घातलंय. उंबरठा, तुमचा मनोरा थेट त्यात बसतो.

झरोका:
हा कायदा मला माहीत आहे. तो दलालावर बंधन घालतो. मालकाने स्वतःच फोटो टाकला तर काय? आणि खाली बारीक अक्षरांत ‘फोटो संपादित’ लिहिलेलं फोनच्या पडद्यावर वाचतं कोण? प्रामाणिक माणूस मुकाट्याने पट्टी लावेल, बाकीचे आहेत तिथेच राहतील. भिंगाबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. लहान न्हाणीघरात पाठ भिंतीला टेकवूनही साध्या भिंगात समोरची एकच भिंत येते. रुंद भिंग न वापरून मी ती जागा दाखवू कशी?

ओसरी:
मी विकणारी आहे. मी फोटोतून मुलांची छायाचित्रं, भिंतीवर टांगलेली पदवी आणि गाडीचा नंबर पुसून घेतला. आमचं घर अनोळखी हजारो लोक बघणार, त्यात मुलांचे चेहरे कशाला? उंबरठा, तुमच्या नियमाने मीही फसवणारी ठरते का?

उंबरठा:
ओसरी, अजिबात नाही. ती छायाचित्रं तुमच्याबरोबर जाणार, किल्ली देताना ती भिंतीवर नसणार. ओल मात्र मागे राहते.

झरोका, प्रकाशाचं तुमचं म्हणणं मी पूर्ण मानतो, न्हाणीघराचंही. शेजारी खोलीची लांबी-रुंदी लिहा, एवढंच मागणं. पण आकाशावर मी अडून राहणार. नुसते ढग बदलले तर माझी हरकत नाही. अडचण अशी की आकाशाबरोबर ऊनही आत येतं. आम्ही पाहिलेल्या एका घरात दिवाणखान्याच्या फरशीवर उन्हाचा लांब पट्टा दाखवला होता. खिडकीसमोर दहा फुटांवर दुसरी इमारत. तिथे वर्षभर ऊन पडणं शक्य नाही. ऊन हे तर घर घेण्याचं कारण असतं! माझ्या बायकोने तो फोटो बघून झाडं कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.

आणि बारीक पट्टीचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच मला पट्टी नकोच. बदललेल्या फोटोच्या शेजारी मूळ फोटो, त्याच आकाराचा. सोफा घाला, पडदे घाला, पण एक बोट सरकवलं की रिकामी खोली दिसली पाहिजे.

किल्ली:
हे मी करून बघायला तयार आहे. मालक ऐकतील का, ते सांगता येत नाही. एक नवं घर आलंय, स्वयंपाकघराच्या छताला वरच्या मजल्याच्या गळतीचा डाग आहे. मालकाला सांगते की डाग दाखवू आणि दुरुस्ती झाली असेल तर तिची पावती जोडू. तो नाही म्हणाला तर इथे येऊन तसंच लिहीन.

पायवाट:
जरूर लिहा. पावती जोडलेला डाग पाहिला तर मी तरी फोन करीन.

उंबरठा:
त्या मनोऱ्याच्या घराची जाहिरात आज पुन्हा पाहिली. दलालाला मी आरशाबद्दल फोनवर सांगितलं होतं. फोटो बदललाय. खिडकी तशीच, आकाश तसंच निळं. कपाटाची बाजू कातरून टाकली आहे, त्यामुळे आता आरसा दिसत नाही.