पेव्हर ब्लॉकच्या मागच्या अंगणाला स्वस्तात पक्की कड कशी घालावी?

माडाखाली
नमस्कार मंडळी. मुंबईच्या किनाऱ्यावर गोराई गावात बैठं घर आहे. मागच्या दारी १५ फूट × १२ फूट जागेत ६० मिमीचे झिगझॅग पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. ब्लॉक रेतीवर आहेत, कडेला काहीही घातलेलं नाही. दोन पावसाळ्यांत बाहेरच्या दोन ओळी सरकल्या. सांधे बोटभर रुंद झालेत आणि उताराकडच्या बाजूला खालची रेती वाहून पोकळ झालं आहे. एक बाजू घराच्या भिंतीला लागून आहे, म्हणजे कड तीन बाजूंनी हवी: १२ + १५ + १२ = ३९ फूट. गवंडी तयार कर्ब स्टोन (कडेला लावायचे काँक्रीटचे ठोकळे) सुचवतो, पण ते बजेटबाहेर जातं. तिरप्या विटा मातीत खोचून चालेल का? की प्लास्टिकची पट्टी मिळते ती लावावी? जमीन पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या सुट्या रेतीची आहे, खणलं की कडा ढासळतात.

ओळंबा
ताई, तिरप्या विटा फुलझाडांच्या वाफ्याला ठीक. इथे त्या एका पावसात कलंडतील, कारण मागून त्यांना कोणीच धरलेलं नाही. ब्लॉक एकमेकांना दाबून धरतात म्हणून फरसबंदी टिकते, आणि हा दाब शेवटी कडेवर येतो. कड हलली की सांधा उघडतो, सांध्यातून पाणी खाली जातं, रेती घेऊन बाहेर पडतं, आणि मग पुढची ओळ सुटते. तुमच्याकडे नेमकं हेच झालं आहे.

प्लास्टिकची पट्टी वाईट नसते, पण तिचे लांब खिळे दाबून घट्ट केलेल्या खडीतच धरतात. पुळणीत ते हाताने उपसून येतील. लोखंडी पट्टीचा विचारही नको, खाऱ्या हवेत ती गंजून फुगते.

पैसे वर दिसणाऱ्या वस्तूत घालू नका, जमिनीखालच्या काँक्रीटमध्ये घाला. वर वीट असो वा ब्लॉक, धरून ठेवणारा असतो तो खालचा थर आणि मागचा टेकू.

विटेची कड अशी: वीट धारेवर उभी करायची आणि तिची ९ इंचांची लांबी कडेला काटकोनात ठेवायची. म्हणजे कड ९ इंच रुंद आणि साधारण साडेचार इंच खोल होते. पाव इंचाचा सांधा धरून ३९ फुटांना १४४ विटा लागतात. तूटफूट धरून १५५ आणा. चर १ फूट रुंद आणि ८ इंच खोल: तळाला ३ इंच पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), त्यावर अर्धा इंच सिमेंट-रेतीचा मसाला, मग वीट. बाहेरच्या बाजूला उरलेल्या ३ इंचांत तेच काँक्रीट विटेच्या अर्ध्या उंचीच्या थोडं वरपर्यंत तिरपं चढवायचं. हा टेकू. तो वगळला तर बाकी सगळं केलेलं वाया जातं, आणि गवंडी वगळतात तो नेमका हाच.

पीसीसी १:३:६ (सिमेंट, रेती, खडी) आणि विटेचा मसाला १:४ (सिमेंट, रेती) धरला तर सगळं मिळून सिमेंट २ गोण्या, क्रश सँड (दगड दळून केलेली रेती) ७-८ घनफूट आणि २० मिमी खडी १० घनफूट. ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) हिशेबात हे फारच थोडं आहे, म्हणून गोणीवर घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट बसतं. काँक्रीट घट्टच कालवा, मुठीत दाबलं की गोळा टिकला पाहिजे. पातळ कालवलं तर टेकू उभाच राहणार नाही, घसरून चराच्या तळाशी बसेल.

पुळणीसाठी एक करा: चर एकदम ३९ फूट खणू नका. ८-१० फुटांचा तुकडा घ्या, बाहेरच्या बाजूला फळी लावून मागे दोन खुंट्या ठोका, काँक्रीट करा आणि मगच पुढे सरका. चराचा तळ आधी पाणी मारून धुम्मसने (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने) चांगला ठोका. सुकी पुळण ठोकून बसत नाही, ओली बसते.

आणि दारातली पुळण मसाल्यात घालू नका. तिच्यात मीठ असतं. वीट पांढरी पडते, पापुद्रे सुटतात. शिवाय किनाऱ्यावरची रेती उचलायला कायद्यानेच बंदी आहे.

खडी_आणि_चुना
ओळंबा यांचं सगळं पटलं, फक्त विटेबद्दल सावध करतो. आपल्याकडे मिळणारी बरीच लाल वीट मऊ असते. जमिनीत अर्धी पुरलेली मऊ वीट चार महिने भिजत राहिली की तिच्यावर शेवाळ चढतं आणि कोपरे झडतात. घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. एक वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा वजन करा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती गाडी परत पाठवा. आणि बसवण्याआधी विटा भिजवायच्याच, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि सांधा पीठ होतो.

याहून स्वस्त हवं असेल तर वीट आणूच नका. तुमचे बाहेरचे ब्लॉक तसेही काढायचेच आहेत. त्यांतली सर्वांत बाहेरची एक ओळ रेतीऐवजी ओल्या काँक्रीटवर बसवा आणि बाहेरून टेकू द्या. टेकूचा माथा ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून इंच-दीड इंच खाली ठेवा. त्यावर माती ओढली की काँक्रीट दिसतही नाही. या प्रकारात चर ९ इंच रुंद पुरतो, दीड गोणी सिमेंटमध्ये काम होतं.

कडप्प्याच्या पट्ट्याही लोक लावतात. दगडाच्या दुकानात कापून उरलेल्या स्वस्तात मिळतात. पण १८-२० मिमी जाडीची पट्टी बाजूचा दाब घेत नाही, पाय पडला की मोडते. लावलीच तर ८ इंच उंचीची घ्या, दोन-तृतीयांश काँक्रीटमध्ये गाडा, आणि पॉलिश नसलेली घ्या.

माडाखाली
दोघांचे आभार. ब्लॉकचीच ओळ काँक्रीटवर बसवायचा विचार पक्का होतो आहे. तीन शंका आहेत. कड पक्की केली तर पाणी आत अडकणार नाही का? आत्ता उतार मागच्या १५ फुटी बाजूला आहे. दुसरं, डाव्या बाजूला कडेच्या रेषेतच माड आहे. आणि झिगझॅग ब्लॉक असल्यामुळे कडेला कापीव तुकडे येतात, तेच आधी सुटतात.

ओळंबा
पाण्याचं आधी, कारण इथेच चांगली कामं बिघडतात. शोभेसाठी कड दोन इंच वर उचलली की अंगणाचा हौद होतो. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. कड ब्लॉकच्या पातळीतच ठेवा, मागच्या बाजूला ३ मिमी खालीच. भिंतीपासून मागच्या कडेपर्यंत १२ फुटांत दीड ते दोन इंच उतार हवा. नजरेवर जाऊ नका. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर खूण करा आणि दोरी बांधा.

वरचं पाणी असं निघून जाईल, पण सांध्यांतून खाली उतरलेलं पाणी काँक्रीटला अडतं. म्हणून मागच्या १५ फुटांत दर ४-५ फुटांवर खालच्या काँक्रीटमधून आणि टेकूमधून अर्ध्या इंचाच्या पाइपचा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन घाला. आतल्या तोंडावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण रेती अडवणारं कापड) हवं, नाहीतर त्याच भोकातून रेती जाईल. जिओटेक्स्टाइलची फूटभर रुंद पट्टी तिन्ही बाजूंना कडेच्या आतून घाला: अर्धी रेतीखाली आडवी, अर्धी कडेला लागून वर वळवलेली. खर्च थोडा आहे, पण रेती वाहून जाणं थांबतं ते यानेच.

ब्लॉक पुन्हा बसवताना खाली ग्रिट (बारीक खडी) किंवा जाड क्रश सँड इंचभर घाला. पिठासारखी डस्ट नको, ती पाणी धरून ठेवते आणि पायाखाली चिखल होऊन सांध्यातून वर येते. आतले ब्लॉक कडेपेक्षा ५ मिमी वर बसवा, ठोकल्यावर ते खाली येतात. कड आणि आतला ब्लॉक यांच्या सांध्यात सिमेंट भरू नका, बारीक सुकी रेती भरा. सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात चिरतं आणि त्या चिरेतून पाणी शिरतं.

खडी_आणि_चुना
माडाची काळजी करू नका. त्याची मुळं वडा-पिंपळासारखी जाड होत जात नाहीत, त्यामुळे फरशी उचलत नाहीत. चरात आलेली थोडी मुळं धारदार कोयत्याने साफ कापली तरी झाडाला काही होत नाही. मात्र बुंध्याचा गड्डा रुंदावतो. बुंध्यापासून दीड-दोन फूट सोडून कड आत वळवा, तेवढी जागा मातीचीच राहू द्या.

कापीव तुकड्यांसाठी: ब्लॉकच्या एक-तृतीयांशाहून लहान तुकडा कडेला ठेवायचाच नाही. चौकोनी सरळ ब्लॉकची एक ओळ कडेला लावा, ब्लॉकच्या लांबीप्रमाणे ५५-६० नग लागतील. झिगझॅगचे तुकडे तिच्या आत येऊ द्या. काँक्रीटवर बसलेल्या सरळ ओळीने ते दाबून धरले जातात. कापायला डायमंड ब्लेडचं कटर भाड्याने मिळतं. छिन्नीने तोडलेला ब्लॉक खालून तिरका तुटतो आणि तोच पुढे डुगडुगतो.

माल भाईंदर-उत्तन रस्त्यानेच येणार, तेव्हा सिमेंट, सँड, खडी आणि सरळ ब्लॉक एकाच फेरीत मागवा. दोन फेऱ्यांचं भाडं मालाच्या किमतीला भिडेल. काम दिवाळीनंतर काढा. काँक्रीट सात दिवस गोणपाटाखाली ओलं ठेवा आणि तोवर आतल्या ब्लॉकवर धुम्मस मारू नका.

आणि चर खणण्याआधी सेप्टिक टँकचं झाकण व पाइपाची दिशा बघून घ्या. बऱ्याच बैठ्या घरांत तो पाइप मागच्या अंगणाखालूनच, जेमतेम फूटभर खोलीवरून गेलेला असतो. वाटेत आला तर तिथे काँक्रीटमध्ये खंड सोडा आणि पाइपावरून ब्लॉक रेतीवरच जाऊ द्या, म्हणजे कधी तुंबला तर तेवढाच भाग उचलता येईल.