मदत हवी आहे: हायपरटेक्स्ट कथा वाचून झाली, हे कशावरून ठरवायचे?

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचण्याची सवय असलेल्या वाचकाने हायपरटेक्स्ट कथा, म्हणजे संगणकावर वाचायची, दुव्यांनी जोडलेली, ठरावीक क्रम नसलेली कथा कशी वाचावी, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. सध्या मी मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ वाचत आहे. ही कथा १९८७ साली लिहिली गेली आणि या प्रकारातील आरंभीच्या कथांमध्ये तिचे नाव नेहमी घेतले जाते, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

पहिल्या स्क्रीनवरचा मजकूर ‘तुम्हाला याबद्दल ऐकायचे आहे का?’ अशा अर्थाच्या प्रश्नाने संपतो. होय म्हटले तर कथा एका वाटेने जाते, नाही म्हटले तर दुसऱ्या. इथपर्यंत काही अडचण नाही. सकाळी रस्त्यात दिसलेली अपघातग्रस्त मोटार आपल्या घटस्फोटित पत्नीची तर नसेल ना आणि आपला मुलगा त्यात दगावला नसेल ना, ही पीटर या निवेदकाची शंकाही लवकरच ध्यानात येते. त्यापुढे मात्र गोंधळ वाढत जातो. कोणत्या शब्दामागे दुवा आहे हे कुठेही अधोरेखित केलेले नाही. नुसती एंटर कळ दाबत राहिले तर कथा आपल्या आपण पुढे सरकते, पण मग आपण निवड अशी कोणतीच करत नाही, असे वाटत राहते. मजकुराचे काही तुकडे पुन्हा समोर येतात, आणि ज्या शब्दावरून आधी एका ठिकाणी पोहोचलो होतो, तोच शब्द दुसऱ्यांदा निवडल्यावर भलतीकडेच नेतो. हा प्रणालीतील दोष आहे की लेखकाची योजना?

हुलिओ कोर्तासार यांची ‘रायुएला’ मी वाचलेली आहे. १९६३ सालच्या त्या कादंबरीत १५५ प्रकरणे आहेत, पण लेखकाने सुरुवातीलाच सूचना दिलेल्या आहेत: एक तर पहिल्यापासून छप्पन्नाव्या प्रकरणापर्यंत सरळ वाचून थांबावे, किंवा त्र्याहत्तराव्यापासून सुरुवात करून दिलेल्या क्रमाने जावे. तिथे वाट वाकडी असली तरी ती कोणीतरी आखून दिलेली होती. इथे पाचशेहून अधिक तुकडे आणि त्यांच्या जवळजवळ दुप्पट दुवे आहेत. अशा कथेचा कागदावर नकाशा काढत वाचावे का? सर्व तुकडे डोळ्यांखालून जाणे आवश्यक आहे का? आणि नसेल, तर थांबायचे कुठे?

प्रतिसाद:

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर निश्चितपणे देता येते: तो दोष नव्हे, योजनाच आहे. ही कथा ज्या स्टोरीस्पेस या संगणकप्रणालीत रचली आहे, ती स्वतः जॉइस यांनी जे डेव्हिड बोल्टर आणि जॉन स्मिथ यांच्यासह तयार केली. तीत एखाद्या दुव्याला अट घालता येते. वाचकाने अमुक तुकडा आधी पाहिला असेल तरच तो दुवा खुला होतो. म्हणजे आपण आतापर्यंत काय वाचले आहे, यावर पुढे काय दिसणार हे अवलंबून असते. म्हणूनच परत आलेला तुकडा ‘हे वाचून झाले आहे’ म्हणून ओलांडू नये. या कथेतील ‘मी’ प्रत्येक वेळी पीटरच असतो असेही नाही. नॉसिका आणि लॉली ही स्त्रीपात्रेही प्रथमपुरुषी बोलतात, आणि बोलणारी व्यक्ती बदलली की त्याच वाक्यांचा रोख बदलतो. मराठीत क्रियापदावरून बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे बहुधा कळते. इंग्रजीत ती खूण मिळत नाही, त्यामुळे मराठी वाचकाची इथे विशेष फसगत होते. माझ्या मते प्रत्येक तुकड्यापाशी विचारायचा पहिला प्रश्न ‘पुढे काय झाले’ हा नसून ‘हे कोण बोलत आहे’ हा आहे.

एंटर दाबत जाणे कमी प्रतीचे वाचन आहे, असे मी मानत नाही. एक बैठक तशी करावी आणि पुढच्या बैठकीत ज्या शब्दापाशी मन अडखळते, तो निवडून पाहावा. नकाशा मात्र इतक्यात काढू नये. अटींमुळे दुवे बदलत असल्याने तो चुकीचाच निघतो, आणि लक्ष मजकुरावरून बाणांकडे जाते. त्याऐवजी प्रत्येक बैठकीचा आरंभ, निवडलेले दोनचार शब्द आणि शेवटचा तुकडा एवढीच नोंद ठेवावी.

थांबण्याबद्दल जॉइस यांनी कथेतच एका तुकड्यात सांगितले आहे की कथा पुढे सरकेनाशी झाली, गोल फिरू लागली किंवा वाचक वाटांना कंटाळला की वाचनाचा अनुभव संपतो. यातील कंटाळ्याची कसोटी मला पुरेशी वाटत नाही, कारण नवख्या वाचकाला कंटाळा फार लवकर येतो. परत आलेला तुकडा सलग काही वेळा कोणताच नवा अर्थ देईनासा झाला, तर थांबावे. सर्व तुकडे पाहण्याचा आग्रह नको. आपण ज्या ‘रायुएला’चा दाखला दिला आहे, तिचा दुसरा क्रम तरी कुठे संपतो? अखेरीस १३१वे प्रकरण ५८व्याकडे पाठवते आणि ५८वे पुन्हा १३१व्याकडे.

नकाशाची ओढ तरीही सुटत नसेल, तर शेली जॅक्सन यांची १९९५ सालची ‘पॅचवर्क गर्ल’ आधी घ्यावी. तिच्यात तुकड्यांची मांडणी स्क्रीनवर आकृतीच्या रूपात दिसते आणि त्या आकृतीतून हिंडणे हा वाचनाचाच भाग आहे. वेगवेगळ्या देहांचे अवयव जोडून घडवलेल्या स्त्रीची ती कथा असल्यामुळे तुकड्यातुकड्यांची रचना तिथे उपरी वाटत नाही. ती झाल्यावर ‘आफ्टरनून’कडे वळलात, तर न दिसणारे दुवे शोधणे इतके जाचक वाटणार नाही.