मोडी कागद वाचून हवे आहेत: विचारायचं कसं आणि बदल्यात काय करता येईल?

नवखी_नोंद

नमस्कार मंडळी,

घरात मोडीतले सहा कागद आहेत. एक लांब पट्टीसारखा, घड्यांवर फाटलेला. बाकीचे साधारण वहीच्या पानाएवढे. शिवाय तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळालेल्या गाव नमुना १४ च्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या) दोन पानांच्या नकला. वंशावळ खापरपणजोबांपर्यंत लागते, त्यापुढे अडते. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, राहणं बंगळुरात.

इथले जुने धागे वाचून काढले. जाणकार मंडळी तासन् तास घालवून कागद लावून देतात आणि विचारणारा "धन्यवाद" एवढं लिहून गायब होतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं. तसं व्हायला नको, म्हणून आधीच विचारते.

फोटो कसे काढावेत? सगळे कागद एकदम टाकावेत की एकेक? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची (यात्रेला आलेल्या घरांच्या पिढ्यांची नावं असलेली) वही बघायला नाशिककडच्या कुणा सभासदाला सांगणं बरं दिसतं का, आणि खर्चाचं काय? आणि मुख्य म्हणजे, मोडी येत नसताना मी इथे कुणाच्या काय उपयोगी पडू शकते?

---

बोरू_आणि_दौत

एकेक कागद टाका. सहा एकदम दिसले की प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी दुसरा हात घालेल. आणि मग कुणीच घालत नाही. सुरुवात सर्वांत स्वच्छ कागदापासून करा, सर्वांत जुन्या किंवा "महत्त्वाच्या" कागदापासून नको. स्वच्छ कागदातून गावाचं, परगण्याचं नाव आणि घरातली दोनचार नावं हाती लागतात. ती हाताशी असली की फाटका कागद अर्ध्या वेळात लागतो.

फोटोबद्दल. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. फोन कागदाला समांतर. आधी पूर्ण कागद एका फोटोत, मग तुकड्यातुकड्याने, प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या दोन ओळी आल्याच पाहिजेत. लांब पट्टीला हे फार लागतं, नाहीतर जोडावरची ओळ हमखास निसटते. मागची बाजू कोरी दिसली तरी फोटो काढा. शेरा, शिक्का, कधी पोचल्याची तारीख तिथेच असते. समासातला आडवा मजकूरही कापू नका.

स्कॅनिंग अॅपचं काळंपांढरं रूप वापरू नका. बोरूची शाई जिथे फिकी झालेली असते तिथली वेलांटी, अनुस्वार ते अॅप डाग समजून पुसून टाकतं. रंगीत मूळ फोटोच हवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो आणि मोठा करून बघताना नुसते ठिपके दिसतात. फाइलला नाव द्या: कागद १, पुढची बाजू, तुकडा २, असं.

सोबत लिहायचं ते: गाव, तालुका, घरातलं वतन किंवा धंदा (कुलकर्णीपण, पाटीलकी, जोशीपण, काय असेल ते), आडनाव, आणि कागद कुणाकडून आला. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. त्यामुळे गावाचं नाव आधी माहीत असलं तर "मौजे"नंतरची अक्षरं पटकन सुटतात.

पण एक गोष्ट मुद्दाम लिहू नका. जे नाव तुम्हाला सापडायला हवं आहे, ते. "इथे राघोजी असं आहे का बघा" म्हटलं की वाचणाऱ्याला राघोजीच दिसायला लागतो. पहिलं वाचन येऊ द्या, मग सांगा. पहिल्या वाचनात ते नाव आपसूक आलं असेल तर त्याला वजन आहे.

वाचून देणाऱ्यांनाही एक विनंती, कारण हा धागा नवे लोक वाचणार. ओळीला ओळ लिप्यंतर द्या, सरळ सारांश नको. अडलेल्या अक्षरापुढे [?], फाटलेल्या जागी टिंबं. शुद्धलेखन सुधारू नका. दोन जाणकारांची वाचनं जुळली नाहीत तर दोन्ही धाग्यावर राहू द्या. वाद नात्याच्या शब्दांवरून क्वचित होतो, "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, हे ठरलेलं आहे. वाद होतो तो नावांवरून. तिथे आपलंच खरं करण्यात अर्थ नाही, तिसरा कागद निकाल लावतो.

---

मृगसाल

बोरूंना +१. फक्त कालगणनेचं जोडतो, कारण वंशावळीत एक पिढी पुढे-मागे होण्याचं सर्वांत मोठं कारण तेच.

कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुनात ७९. पौष दोन्हीकडे पडू शकतो, तिथी पाहावी लागते. पानिपतची लढाई पौष शके १६८२ मधली. नुसते ७८ मिळवले तर १७६० येतं, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला.

पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असतो आणि तो अक्षरांत, अरबी आकड्यांत. एकं आधी, मग दहं, मग शंभर, शेवटी हजार. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. हे साल मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वरचं साल तेच पानिपतचं.

गोंधळ होतो तो जोड्यांत: तिस्सा ९ आणि तिसैन ९०, सबा ७ आणि सबैन ७०, अशर १० आणि अशरीन २०. "मयातैन" दिसलं तर २००, म्हणजे इसवी अठराव्या शतकाचा शेवट किंवा त्यानंतरचा काळ.

महसुली कागदावर फसली (महसुलाची कालगणना) असेल तर आपल्याकडे ५९० किंवा ५९१ मिळवायचे, साल बदलतं तेही मृगालाच. "छ" आणि पुढे आकडा दिसला तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख.

कागदावरचं साल जसंच्या तसं वंशावळीत लिहा आणि शेजारी इसवी सन. नुसता इसवी सन ठेवला तर बेरीज चुकली होती की वाचन, हे पुढच्याला कळायला मार्गच राहत नाही.

---

गोदातीर

त्र्यंबकेश्वरचं. सांगायला काहीच हरकत नाही, पण तयारीनिशी सांगा. उपाध्ये गाव आणि समाजाप्रमाणे वाटलेले आहेत. "अमुक आडनावाची वही" अशी विनंती घेऊन गेलेला माणूस या दारातून त्या दारात फिरत राहतो. मूळ गाव (आत्ताचं नव्हे), जुना तालुका, जात-पोटशाखा, गोत्र माहीत असेल तर ते, आणि सलग तीन पिढ्यांची नावं द्या. घरातलं कुणी सिंहस्थात जाऊन आल्याचं वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर ते साल सांगा. २००३, २०१५ आणि मागे बारा-बारा वर्षांच्या अंतराने नोंदींची गर्दी असते. नारायण नागबली केली असेल तर तेही.

श्रावणातले सोमवार आणि पौष वद्यातली निवृत्तिनाथांची यात्रा टाळा. त्या दिवसांत कुणाला वही काढायला सवड नसते. आधी फोन करून वेळ ठरवावी.

खर्च आधी, स्पष्ट आकड्यात बोला. जाणाऱ्याचं येणं-जाणं आणि उपाध्यांची दक्षिणा तुमची. रक्कम आधी पाठवा, उरली तर परत येईल. इथले लोक "राहू द्या हो" म्हणतात. ते ऐकू नका. मैत्रीत पैशाची कुजबुज अशा भिडेतूनच सुरू होते. वहीचा फोटो उपाध्यांनी परवानगी दिली तरच. नाही म्हणाले तर हाताने उतरवून घ्यायचं आणि त्यांना वाचून दाखवायचं. वही त्यांची आहे, त्यांचं उपजीविकेचं साधन आहे. फोटो नेटवर फिरला की पुढच्या सभासदाला दार बंद.

आणि हे ध्यानात असू द्या: वहीतली नोंद म्हणजे त्या दिवशी आलेल्या माणसाने सांगितलेली नावं. भावाभावांत वितुष्ट असेल तर एका भावाची शाखा गाळलेली सापडते. सुनांची नावं असतात, लेकींची बऱ्याचदा नसतात.

पुण्याच्या पुरालेखागाराबद्दलही कुणीतरी विचारेलच. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. परगणा आणि गाव न देता "आमचं आडनाव बघा" म्हणणं म्हणजे समोरच्याचा दिवस वाया घालवणं. घरात इनाम किंवा वतन असेल तर इनाम कमिशनच्या (इंग्रजी अमलात इनामांचे हक्क तपासणाऱ्या) कागदांत वंशावळ मिळण्याची शक्यता चांगली, कारण १८५२ च्या कायद्यानंतर हक्क शाबीत करायला लोकांना पिढ्या सांगाव्याच लागल्या. साध्या रयतेसाठी तिथे कुणाला पाठवू नका. त्यांचा धागा गाव नमुना १४, जुने फेरफार आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांतच लागतो.

---

नुसताच_वाचक

मध्येच विचारतो. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी नमुना १४ ची पानं वाचून मागणाऱ्यांची रीघ लागली आहे. इथे वाचून दिलेलं जातीच्या दाखल्याला चालतं का?

---

बोरू_आणि_दौत

नाही. इथलं वाचन म्हणजे सभासदाचं मत. दाखल्याला किंवा पडताळणी समितीला सक्षम कार्यालयाची प्रमाणित नक्कल आणि ते कार्यालय मान्य करेल अशा मोडी जाणकाराचं सहीचं लिप्यंतर लागतं. इथून एवढं कळतं की पैसे घालवून प्रमाणित करून घेण्याजोगी नोंद त्या पानावर आहे की नाही. जातीचा रकाना वाचताना तर जास्तच सांभाळा. विचारणाऱ्याला काय हवं आहे ते माहीत असतं, आणि "नाही, इथे तसं लिहिलेलं नाही" हे सांगणं जिवावर येतं. तरी ते त्याच दिवशी सांगावं. लटकत ठेवलेला माणूस नकलांवर पैसे घालवत राहतो.

---

माडाची_सावली

धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: मोडी न येणाऱ्याने काय करावं.

भरपूर आहे. नमुना १४ च्या वाचून झालेल्या पानांची नावं कुणीतरी तक्त्यात टाइप करायला हवी असतात: गाव, साल, नाव, बापाचं नाव, पान क्रमांक. वाचणारे वाचतात आणि पुढे जातात, मग सहा महिन्यांनी त्याच गावचा दुसरा माणूस तेच पान घेऊन येतो. तुमच्याकडे कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक) असेल तर त्यातली एखादी नोंद बघून सांगणं हीसुद्धा मोठी मदत. मागणाऱ्याने मात्र घराण्याचं गाव द्यावं. एका आडनावाची अनेक घराणी असतात. सांगणाऱ्याने ती एक नोंद द्यावी, अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ नव्हे.

इंग्रजी चांगलं असेल तर मॉरिशसची विचारणा घ्या, तिथे माणसं कमी पडतात. तिकडच्या मराठी घरांचे पूर्वज मुंबई बंदरातून मजूर म्हणून गेले. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि शोध चालतो तो स्थलांतरिताच्या क्रमांकावर. पहिला प्रश्न क्रमांकाचा विचारा, दुसरा जहाजाचा. गावाचं नाव कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून मोठ्याने वाचून बघा. "रुटनाघेरी" म्हणजे रत्नागिरी हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. आणि तिथे रत्नागिरी म्हटलं तरी गाव आजच्या सिंधुदुर्गातलं असू शकतं, तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्यांचं आजचं आडनाव हे बरेचदा मूळ पुरुषाचं पाळण्यातलं नाव असतं, ते इकडच्या आडनावांच्या यादीत शोधत बसू नका.

यात खरी मदत एका मालवणी माणसाची लागते, जो वाडीचं नाव ऐकून "हे अमक्या गावातलं" म्हणेल. तो माणूस शोधून जोडून देणं हेही कामच.

---

चौथा_पदर

एक बाजू राहिली. कागदातून निघतं ते सगळं गोड नसतं. दत्तक, दुसरं लग्न, लेकावळा (लग्नाबाहेरचा मुलगा) म्हणून लावलेली नोंद, कर्जात गेलेली जमीन. असं काही आलं तर आधी व्यक्तिगत निरोपात कळवा, कागदातला शब्द आहे तसा आणि त्याचा अर्थ साध्या भाषेत. धाग्यावर टाकायचं की नाही ते त्या घराने ठरवावं. "त्या काळी चालायचं" अशी मल्लिनाथी नको. समोरच्याला आधी नुसतं वाचू द्या.

हयात माणसांच्या जन्मतारखा, चालू सातबारा, गट क्रमांक धाग्यावर नकोत. आईचं माहेरचं आडनाव अजून काही बँका ओळख पटवायला विचारतात, आणि आपण ते वंशावळीच्या चित्रात ठळक छापून ठेवतो. हयात पिढीच्या चौकटीत फक्त "हयात" लिहावं. फोटोत आलेला पाकिटावरचा पत्ता, मागे दिसणारं वीजबिल, टाकण्याआधी झाका. चालू वाटणीच्या दाव्यातला कागद असेल तर तसं स्पष्ट सांगा. वाचणाऱ्याला नाही म्हणायचा हक्क आहे.

आणि जो सभासद दर आठवड्याला चार कागद लावून देत होता तो महिनाभर दिसला नाही, तर कागद पाठवून आठवण करू नका. "बरे आहात ना?" एवढंच विचारा.

---

नवखी_नोंद

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली. नमुना १४ ची वाचून झालेली पानं टाइप करायचं काम मी घेते, आधीची कुठे साठवली आहेत ते कुणी सांगा. सातारा जिल्ह्यापासून सुरू करते.

एकच शंका: लांब पट्टी घड्यांवर फाटली आहे, उलगडली की तुकडे सुटतील असं वाटतं. सेलोटेप लावून मग फोटो काढू का? लॅमिनेशन करून घ्या असंही एकाने सुचवलं.

---

बोरू_आणि_दौत

दोन्ही नको. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि काढताना वरची शाई घेऊन येतो. लॅमिनेशन तर उलटवताच येत नाही. इस्त्रीही नको.

स्वच्छ पांढऱ्या कार्डशीटवर पट्टी ठेवा. एक घडी उलगडा, कडांना शाई नसलेल्या जागी लहान वजनं ठेवा, फोटो काढा, मग पुढची घडी. पूर्ण सपाट व्हायलाच हवी असं नाही. घडीत सावली पडली तर त्याच जागेचा दुसरा फोटो उजेड उलट बाजूने घेऊन काढा. सुटलेला तुकडा जागच्या जागी सरकवा, चिकटवू नका. काम झालं की जुन्याच घड्यांवर परत दुमडू नका, सैल गुंडाळी करून धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात ठेवा. पंखा बंद ठेवूनच हे सगळं करा.

पण ती पट्टी शेवटी. आधी साध्या पाचांतला स्वच्छ एक टाका, आज रात्री बघतो. टाइप करायच्या पानांचा दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. साताऱ्याची पानं तिसऱ्या फोल्डरमध्ये आहेत.