टीईटी पास झाले पण टेट दिलीच नाही, आता काय करू?

नर्सरीवाली_टीचर
कोणी हसू नका प्लीज. माझं डी.एड. २०१५ चं, सात वर्षं झाली एका इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत शिकवतेय, पगार विचारू नका. २०२४ च्या नोव्हेंबरात टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर १, म्हणजे पहिली ते पाचवीसाठीचा, दिला, ९३ पडले, घरी पेढे वाटले. मला वाटलं झालं, आता पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट) उघडलं की फॉर्म भरायचा. मग २०२५ च्या मे महिन्यात डी.एड.च्या ग्रुपवर सगळ्या "टेटचं हॉलतिकीट आलं का" करत होत्या आणि मी आपली निवांत, म्हटलं आपली टेट तर झालीये!! नंतर कळलं ती वेगळीच परीक्षा. आता काय करायचं? आणि दुसरं, मला खरं तर तीन-चार वर्षांच्या पोरांचंच जमतं, झेडपीत नर्सरीची वेगळी जागा निघते का?

कोकणातला_घाटी
ताई हसत नाही, आमच्या बॅचला पण दोघांचं असंच झालं होतं. टीईटी म्हणजे नुसतं गेटपास. १५० पैकी ९० (राखीवला ८३) मिळाले की संपलं, ९३ काय आणि १२० काय, मेरिटमध्ये त्याचा एक मार्क धरत नाहीत. मेरिट लागतं ते टेटवर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, कॉम्प्युटरवर. त्यात १२० मार्क अभियोग्यता आणि ८० बुद्धिमत्ता. पास-नापास नाही, निगेटिव्ह पण नाही, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत उरलेलं सगळं ठोकून यायचं, एकही रिकामा सोडायचा नाही. एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात आणि आकृत्यांच्या मालिकेतच माणूस अडकतो.
आत्तापर्यंत २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झालीये. पहिल्या दोनमध्ये पाच वर्षं गेली, नंतरच्या दोनमध्ये सव्वादोन. त्यामुळे पुढची कधी हे कोणी छातीठोक सांगत असेल तर तो क्लासवाला समजा. टीईटीचं सर्टिफिकेट मात्र आता आजन्म चालतं, ते कुठं जात नाही.

सेविकेची_लेक
नर्सरीचं मी सांगते, माझी आई अंगणवाडीत आहे. झेडपीची शाळा पहिलीपासून. त्याच्या खालची मुलं अंगणवाडीत, आणि ते खातं शिक्षणाचं नाही, महिला व बालविकासचं. तिथं टेट-बिट काही नाही, बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी पाहिजे, मार्कांवरून यादी लागते आणि मिळतं ते मानधन, पगार नव्हे. म्हणजे गाव बदललं की संपलंच. केंद्रीय विद्यालयात बालवाटिका आहेत पण तिथं कंत्राटी मुलाखती जास्त. दिल्लीत बघा, नर्सरीच्या सहायक शिक्षकाची तिथल्या बोर्डाची रीतसर परीक्षा होते, एनटीटीवाल्यांना (नर्सरी टीचर ट्रेनिंग केलेल्यांना). आपल्याकडे तसं नाही.

बीएड_झालंय
मधेच विचारतो, बी.एड. वर पहिली ते पाचवी चालतं का? पेपर १ पण काढलाय मी

कोकणातला_घाटी
नाही भाऊ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, त्या वर्गांना डी.एड.च लागतं. तुम्ही सहावीपासून पुढचं बघा. ताईंना उलट याचा फायदाच आहे, तेवढी गर्दी कमी.

खडू_फळा
मला या सगळ्याचा रागच येतो. सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी दाराला धरून रडतं त्याला आत कसं घ्यायचं हे टेटमधल्या सांकेतिक भाषेच्या (अक्षरांचे कोड सोडवायच्या) प्रश्नात कुठं येतं? नर्सरीवाल्या ताईंना ते सात वर्षांपासून येतं आणि त्याला मार्क शून्य. बालमानसशास्त्राचे प्रश्न असतात म्हणे, ते पण चार पर्यायांतला एक.

कोकणातला_घाटी
पटतं. पण माझे वडील दुसऱ्याच्या उसात तोडणीला जायचे. परीक्षेच्या आधी एका संस्थेत गेलो होतो, तिथं डेमो लेसन नंतर, आधी "किती जमतील" हे विचारलं. मला १२१ वर रत्नागिरी मिळाली, एक रुपया न देता. टीईटीत २०१९ ला घोटाळा झाला, हजारो बोगस निघाले, ते मान्यच आहे. तरी घरी बसून यादीत आपलं नाव दिसणं काय असतं ते मला विचारा.
बाकी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, १६ हजार मानधन. त्यात रूमभाडं आणि गावी जायची एसटी. द्विशिक्षकी शाळा, पट १४, खिचडीचा हिशोबही आपणच. गाववाले पहिल्याच दिवशी विचारतात, सर तुम्ही बदलीवाले का? आधीचे तिघं आंतरजिल्हा बदलीने घाटावर गेले, त्यांचंही चुकत नाही म्हणा.

नर्सरीवाली_टीचर
थँक्यू सगळ्यांना. मग पोर्टलवर जिल्ह्यांच्या प्राधान्यक्रमात घराजवळचे चार जिल्हेच टाकले तर? मुलगी दुसरीत आहे. आणि माऊसची सवय नाही मला, मोबाईलवर सराव चालेल का

सेविकेची_लेक
मोबाईलवर नको, तालुक्याला जाऊन कुठल्यातरी नेट कॅफेत आठवड्याला दोन पेपर घड्याळ लावून सोडव. चार जिल्ह्यांचं मात्र तुझं तू ठरव, पण आधी बिंदूनामावलीत (आरक्षणानुसार जागांची यादी) तुझ्या प्रवर्गाच्या आणि महिलांच्या जागा तिथं किती निघतायत ते बघ. शून्य असतील तर चार काय आणि चाळीस काय. लॉक केल्यावर बदलता येत नाही.

नर्सरीवाली_टीचर
मुलगी म्हणते आई तू कोकणात गेलीस तर मी पण तुझ्याच शाळेत येणार 😅 पट १५ होईल